पाठीवरची सुरकुती

कपडेपटातल्या मावशींचं खरं नाव स्टुडिओत कुणालाच ठाऊक नव्हतं. ओठांत कायम चार टाचण्या, म्हणून त्या टाचणीमावशी. टाचण्या तोंडात ठेवूनही त्या कुणालाही झापू शकत, हे त्यांचं खास कसब. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी राजे नटवले, भिकारी नटवले. आता वाट्याला आला होता दूरच्या ग्रहावर एकटा अडकलेला अंतराळवीर.

साहेबांना, म्हणजे दिग्दर्शकाला, सुटाच्या पाठीवर चेन दिसायला नको होती. म्हणून रोज सकाळी हिरोला आत घालून पाठ शिवून टाकायची. हेल्मेटही त्याच शिवणीखाली अडकवलेलं. "दुहेरी पक्का टाका घाला," साहेबांनी बजावलं होतं. मावशींनी मान डोलावली आणि घातला साखळी टाका, सिमेंटच्या पोत्याच्या तोंडाला असतो तसा, टोक ओढलं की सरसर उसवणारा. माणसाला आत शिवायचं तर त्याला बाहेर काढायची सोय शिवणाऱ्यानंच ठेवायची, असा त्यांचा सरळ हिशेब. साहेबांना सांगून डोकेफोड कोण करणार!

तिसऱ्या दिवशी हिरो तारांना लटकून वीस फूट उंचावर तरंगत होता. प्रसंग होता प्राणवायू संपल्याचा. तो हातपाय झाडू लागला, हेल्मेटच्या काचेवर बुक्क्या मारू लागला. आतला आवाज बाहेर येत नसे. साहेब मॉनिटरच्या पडद्याला डोळे लावून पुटपुटले, "वा! काय जीव ओततोय पोरगा!"

मावशी मात्र त्याच्या पाठीकडे बघत होत्या. हेल्मेटमधला छोटा पंखा आत हवा ढकलायचा, त्यामुळे सूट नेहमी टम्म फुगलेला असे. आत्ता पाठीवर सुरकुती पडली होती. टाचण्या थुंकून त्या ओरडल्या, "खाली घ्या त्याला! पंखा बंद पडलाय!"

"मावशी, शॉट चालू आहे!" साहेब कडाडले.

"खड्ड्यात गेला तुमचा शॉट! पोर गुदमरतंय!"

तारवाल्यांनी साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही, चाक फिरवलं. हिरोचे पाय जमिनीला टेकताच मावशींनी टोक ओढलं. शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली, हेल्मेट निघालं. पांढराफटक पडलेला तो तरणाताठा गडी मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला.

साहेबांनी उसवलेला दोरा उचलून पाहिला. "हा पक्का टाका नाही."

"नाही," मावशी म्हणाल्या. "पक्का असता तर अजून उसवतच बसले असते."

साहेबांनी दोरा खाली ठेवला आणि नवा पंखा मागवला.

तासाभरात नवा पंखा बसला. तरी मावशींनी सुईला हात लावला नाही. आधी हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं आणि घड्याळ समोर ठेवून वीस मिनिटं स्टुलावर बसल्या. अख्खं युनिट ताटकळत उभं. घाई करा म्हणायची साहेबांचीही छाती झाली नाही. मग हेल्मेट काढून, घाम पुसून त्या म्हणाल्या, "ये रे बाळा."

हिरो उठला आणि काहीही न विचारता त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.