तीन देवी आणि रजनीबाईंची ओटी

पांढुर्ण्यात कोणाच्या घरी काय शिजतंय हे कुकरच्या शिट्टीआधी गल्लीला कळतं. मग दर रविवारी संध्याकाळी रजनीबाई ढोबळ्यांच्या बंद दाराआडून "मागून आला! पळ ना बापा, पळ!" असा आरडाओरडा ऐकू यायला लागल्यावर गल्ली गप्प कशी बसेल? एकीनं ठरवलं, बाईनं टीव्हीची मालिका फार मनाला लावून घेतली. दुसरीनं डोळे मिचकावून सांगितलं, नवरा, अनिलभाऊ, वारल्यापासून डोक्यावर परिणाम झाला. खरी गोष्ट दोघींच्याही कल्पनेपलीकडची होती. पिको-फॉलच्या मशीनवर आयुष्य काढलेल्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या रजनीबाई व्हिडिओ गेम खेळत होत्या.

दोष असलाच तर तो हर्षलचा. एकुलता एक पोरगा नोकरीला इंदूरला गेला आणि मायलेकांचं बोलणं पार आटलं. फोन लावला की ह्या विचारायच्या, "जेवला का?" तो म्हणायचा, "हो." "काय जेवला?" "जेवण." आता यापुढं कोणती माय काय विचारणार? तेव्हा दिवाळीला आला असताना त्यानंच आपलं जुनं गेमचं यंत्र टीव्हीला जोडलं, आईच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हणाला, "हे खेळत जा माझ्यासंग. इंदुरातून मी, इथून तू. रविवारी सहा वाजता."

हेडफोनवरून पदर घेऊन रजनीबाई बसल्या. पहिला महिना खेळातला त्यांचा माणूस एका भिंतीला टक्कर देत होता आणि त्या भिंतीलाच शत्रू समजत होत्या. पण रविवारचा तो तास त्यांनी सोडला नाही. आठवड्यात पोराचा आवाज मन भरून ऐकू यायचा तो त्याच वेळी.

खेळाचं नाव नवखंड. एकामागून एक निघालेल्या भागांतला हा पाचवा भाग, पण कथेचं मूळ सगळ्यांत एकच. आधी काहीच नव्हतं. मग तीन देवी आल्या. त्यांची नावं जिभेला गाठ पडेल अशी परदेशी. रजनीबाईंनी त्यांना सरळ मोठी, मधली आणि धाकटी करून टाकलं. मोठीनं लाल हातांनी माती मळून डोंगरदऱ्या केल्या. मधलीनं मातीला नियम लावून दिले, नदीनं कुठून वाहायचं, दिवसानं कधी मावळायचं. धाकटीनं फुंकर घातली तशी झाडं, जनावरं, माणसं हलायला लागली. काम संपलं आणि तिघी आकाशात निघून गेल्या. मागं राहिली तिघींची मिळून तीन देवळं, प्रत्येकात एक दिवा.

"म्हणजे मोठीनं कणीक भिजवली, मधलीनं लाटली अन् धाकटीनं फुगवली," रजनीबाई म्हणाल्या. "भांडे कोणासाठी सोडून गेल्या?"

"कोणते भांडे?"

"खरकटे, बापा! येवढं जग केलं तर खरकटं पडलंच असंन."

"ते माणसं घासून राहिले," हर्षल म्हणाला, आणि दोघं जे हसले, की शेजारच्या भिंतीलाही कान फुटले.

हसू ओसरल्यावर रजनीबाईंनी विचारलं, "अन् या तिघींचे नवरे कुठी हायेत रे?"

"नाही आहेत."

"गेले?"

"नव्हतेच, आई. तिघींनीच बनवलं सगळं."

रजनीबाईंनी पडद्यावरच्या तिघींकडं पुन्हा नीट पाहिलं. "बरं हाय," एवढंच म्हणाल्या.

हर्षलच्या टोळीत आणखी दोघं होते. लोधीखेड्याचा हेमराज, हर्षलसोबतच इंदूरला कामाला. आणि मोहगावची सोनाली, तिथल्याच नगरपंचायतीत नोकरीला. तिघं लढायचे. रजनीबाई मागं राहून रानातली फळं तोडायच्या, धान्य गोळा करायच्या आणि चुलीवर शिजवून तिघांना खाऊ घालायच्या. लढाईचा आवाज आला की झाडामागं. म्हणून त्या कधी मरत नसत, आणि म्हणून टोळीची मोलाची वस्तू त्यांच्या झोळीत. सगळ्यांत भित्र्या माणसाकडं तिजोरी, हा शहाणपणा हेमराजचा.

ती वस्तू म्हणजे सूर्यबीज. आषाढातल्या आखाडीपासून तिघं त्याच्यामागं लागले होते. शेवटच्या गडात मिट्ट काळोख असतो, तिथं उजेड पडतो तो या बीजानंच. आणि गड ठरलेल्या रविवारपर्यंतच उघडा राहणार होता. मग त्या भागाचं कवाड बंद.

एका दुपारी हाताला काम नव्हतं. रजनीबाई एकट्याच खेळात शिरल्या आणि धाकटीच्या देवळात गेल्या. तिथं पडद्यावर हिंदीत अक्षरं उमटायची: जो भी हो, भरे हाथों से आओ. कोणीही अस, भरल्या हातांनी ये. ही ओळ त्यांनी शंभरदा वाचली असेल. त्या दुपारी मात्र त्यांनी झोळी उघडली. रानातलं धान्य ठेवलं, तांदळाच्या जागी. एक गोल, टणक फळ, नारळाच्या जागी. निळ्या कापडाचा तुकडा, खणाच्या जागी. हळकुंडावाचून ओटी कशी होणार? झोळीत पिवळंधमक, हळकुंडासारखंच दिसणारं सूर्यबीज होतं. तेही ठेवलं. घरच्या गौरी-महालक्ष्म्यांपुढं ठेवलेली ओटी शेवटी घरातच तर राहते, तसं हेही संध्याकाळी झोळीत येईल, असा त्यांचा साधा हिशेब. दिवा मोठा झाला. देवीनं हात पुढं केला. झोळी रिकामी ती रिकामीच राहिली.

रविवारी हे हर्षलला कळलं.

"ओटी? गेममधे?" त्याचा आवाज चिरकला. "आई, आखाडीपासून मेहनत करून राहिलो आम्ही!"

"मले वाटलं, वापस येते."

"येते ना! 'भेट परत घ्या' असं बटण आहे तिथंच. ज्यानं दिलं त्यानंच दाबायचं. दाब."

रजनीबाईंनी वाचलं. खाली बारीक अक्षरांत आणखी लिहिलं होतं: दिलेली भेट परत घेतली, तर त्या देवळातला दिवा घेणाऱ्यासाठी कायमचा विझेल.

"दिवा विझते म्हणते रे."

"विझला तर विझला! चित्रातला दिवा आहे."

"देवीच्या ओटीतलं काढून घेऊ? दिवा विझवून?"

"तर मग राहू दे," हर्षल म्हणाला. त्याचं ओरडणं परवडलं असतं, पण हा आवाज थंड होता. "पुढच्या रविवारपर्यंत घेतलं नाही, तर आमची आखाडीपासूनची मेहनत वाया. मग माझ्यानं नाही होणार हे खेळणं. रविवारचं बंद करून टाकू."

आणि फोन ठेवावा तसा तो खेळातून निघून गेला.

त्या आठवड्यात पोळा आला, नदीतली दगडफेकीची गोटमार झाली, गणपती बसले. रजनीबाईंच्या दारात साड्यांचा ढीग लागला. महालक्ष्म्यांसाठी साऱ्या मोहल्ल्याला एकदमच फॉल आठवतो. त्यांचं मशीन चाललं होतं, पण दोनदा उलट्या बाजूनं फॉल लागला आणि उसवावा लागला. हे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. गल्लीनं लगेच नोंद घेतली.

धाकटी जाऊ मीना महालक्ष्म्यांच्या दोन साड्या घेऊन आली. ढोबळ्यांच्या महालक्ष्म्या मोठ्या सुनेच्या घरी, म्हणजे रजनीबाईंच्याच घरी उभ्या राहायच्या. मुखवटे पुसायचे ह्यांनी, सोळा भाज्या चिरायच्या ह्यांनी, पुरण वाटायचं ह्यांनी.

"ताई, काठाकडून जरा बारीक टाका घालजा," मीना म्हणाली. "अन् ओटीचं काही पाहू नका तुम्ही. तुमाले कायले त्रास? मी भरून घेतो."

"हो," रजनीबाई म्हणाल्या. "तूच तर भरतेस."

मीना वाईट बाई नव्हती. चार वर्षांपूर्वी, अनिलभाऊ गेले त्या वर्षी, भरल्या घरात तिनं रजनीबाईंच्या हातातलं ओटीचं ताट अगदी हळूच काढून घेतलं होतं, कोणी बोलायच्या आत, जावेची लाज राखायला म्हणून. त्यानंतर ताट आपोआप मीनाकडं जायला लागलं. हळदीकुंकवाची बोलावणी शेजारच्या दारापर्यंत यायची आणि पुढच्या दाराला जायची. कोणीच कधी नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळं भांडायचं तरी कोणाशी?

रविवार उजाडला. चार वाजताच रजनीबाई हेडफोन चढवून धाकटीच्या देवळात जाऊन उभ्या राहिल्या. मागून सोनालीचा आवाज आला.

"काकू, आज लवकर?"

"काम उरकून टाकतो म्हटलं. पोरगा बोलत नाही तर घरात करमत नाही वो माय. बीज काढून घेतो अन् देतो त्याच्या हाती."

"मग अडलं काय? दाबा ना."

रजनीबाईंनी आपला माणूस दिव्याभोवती एक फेरी फिरवला.

"काकू, आम्ही बौद्ध आहोत," सोनाली म्हणाली. "आमच्या घरी महालक्ष्म्या नाही बसत. मैत्रिणींच्या घरी ओटी पाहिलीये मी. पण तुमचा येवढा जीव काहून अडकला त्याच्यात? खरीखुरी ओटी तर परवा घरी भरसालच."

"नाही भरत ना मी," रजनीबाई म्हणाल्या. मग सुटलं ते सुटलंच. ताट कसं गेलं, बोलावणं कसं शेजारून जातं, सारं. "माह्या घरच्या देवीले मी निवद देतो, लुगडं नेसवतो, पण ओटीले हात नाही लावत. अन् इथं ही बसली, नवरा नाही, कोणी नाही, साऱ्या जगाची माय. म्हणते, कोणीबी ये. मंग म्या भरली. चार वर्षात येवढीच."

सोनाली तडकली. "माझ्या आईच्या हातून कोणी असं ताट घेतलं असतं ना काकू, तर तिनं त्या ताटासकट माणूस बाहेर काढला असता."

"खमकी दिसते तुही माय."

"माझ्याशीबी तशीच आहे. तिथं नका पाहू."

रजनीबाई हसल्या. हसता हसताच त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. "जाऊ दे. ओटी एक दिवसाची, पोरगा जन्माचा. सोनाली, दिवा विझतानी पाहावंच लागते का? डोये मिटले तर चालते?"

"आई, अंगठा काढ."

रजनीबाईंनी दचकून हातातलं बटणांचं यंत्रच मांडीवर टाकलं. "तू कवाचा हायेस रे?"

"तुझ्या आधीपासून. देवळाबाहेर उभा होतो, माईक बंद करून," हर्षल म्हणाला. "मला काहून नाही सांगितलंस हे?"

"कवा सांगू? काय जेवला विचारलं तर तू म्हणतं, जेवण."



सहाला हेमराज उगवला आणि आल्याबरोबर विचारता झाला, "बीज घेतलं ना काकूनं?"

"नाही," हर्षल म्हणाला. "तसंच जायचं."

"अंधारात? भाऊ, पागल झाला का? मरू सगळे!"

"मरू."

आणि मेले. गडाच्या दारातून आत पाऊल टाकलं तर हाताला हात दिसेना. हेमराज पहिल्याच वळणावर खड्ड्यात गेला आणि खालून शिव्या देत राहिला. सोनालीनं राक्षस समजून हर्षललाच दोन घाव घातले. रजनीबाई या वेळी झाडामागं नव्हत्या. गडात झाडच नव्हतं. सरपणाची काठी दोन्ही हातांनी फिरवत त्या "ये ना! ये समोर!" म्हणून ओरडत सुटल्या आणि सगळ्यांत शेवटी पडल्या. गल्लीत त्या संध्याकाळी दोन घरांनी दारं उघडून पाहिलं. पडद्यावर गडाचं कवाड बंद झालं, आखाडीपासूनची मेहनत पाण्यात गेली आणि चौघं पोट धरून हसत होते. हेमराज जरा कमी हसत होता.

दोघं निघून गेल्यावर हेडफोनात मायलेकच उरले.

"पुढच्या रविवारी नवा भाग लावू," हर्षल म्हणाला. "सुरुवातीपासून."

"बरं."

"अन् परवा येऊन राहिलो मी, महालक्ष्म्यांले. सुट्टी टाकली आत्ताच. ओटी तू भरजो."

"मीनाकाकू काय म्हणंन?"

"तिले मी सांगतो."

"तू काही सांगू नको," रजनीबाई म्हणाल्या. पदर सावरून त्या ताठ बसल्या होत्या, जणू तो समोरच बसला होता. "तुले नीट सांगता येत नाही, भांडण करशीन. ताट माह्या हातातून गेलं, मीच मांगीन. तू फक्त तवा तिथं उभा राहाजो."

"राहतो."

"अन् आज काय जेवला?"

हर्षलनं नीट विचार केला आणि सांगायला लागला. वरण पातळ झालं होतं, पोळ्या शेजारच्या खाणावळीतल्या, आणि भाजी कसली होती हे खाणावळवाल्यालाही माहीत नव्हतं.