सात नंबरची बाटली

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलेलं, पण चहाला बसलोच आहोत तर ऐका. एवढी फजिती माझी परत झालेली नाही.

डोंबिवलीला एमआयडीसीत आमची लॅब. उंदरांऐवजी प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर रसायन टाकायचं आणि ते विषारी आहे का ओळखायचं. ही पद्धत कितपत भरवशाची, ते तपासायचं काम आलेलं. काम देणाऱ्या ठाण्याच्या लॅबकडून दहा बाटल्या आल्या. वर नुसते नंबर. आत काय, ते फक्त तिथल्या मॅडमना माहीत.

जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या होत नाहीत. रंग मशीन मोजतं. मी प्लेट सरकवली. स्क्रीनवर सात नंबरखाली सगळ्या पेशी मेलेल्या.

सकाळी तीच बाटली पाटीलमामांच्या हातावर सांडलेली. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन.

"मामा, हात कसा वाटतोय?"

"कसा वाटणार? हातासारखा."

"चुरचुरतंय का?"

मामांनी हाताकडे निरखून बघितलं. "आता तू म्हणतेस तर... थोडं."

संपलं. रिक्षा पकडली, हॉस्पिटल गाठलं. रस्त्यात मामा म्हणाले, "घरी कळवू नकोस. हिला बीपी आहे." मला रडूच यायला लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, "केमिकल कुठलं?"

"सात नंबर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू पेशंट मीच. तोवर मामांना घाम फुटलेला, बीपी उतरलेलं. त्यांना सलाईन लावली.

मी ठाण्याला फोन केला. मॅडम म्हणाल्या, "नाव सांगितलं तर तुमच्या लॅबचे सगळे निकाल बाद होतील."

"मॅडम, इथे माणूस जातोय."

कागद चाळल्याचा आवाज.

"अगं, सात नंबर म्हणजे सलाईन."

डॉक्टरांना सांगितलं. मामांनी वर टांगलेल्या बाटलीकडे बघितलं. "मग हे काय चढवताय मला?"

परत येऊन बघते तर प्लेट मशीनमध्ये उलटी, पुढचं टोक मागे. मेलेल्या पेशी भलत्याच बाटलीच्या. सातवाल्या जांभळ्याजर्द, ठणठणीत. नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तरी कळलं असतं हो.

महिनाभराचं काम बाद झालं. मामांनी मशीनवर लाल रंगाने वीतभर बाण काढला.

परवा नवीन आलेल्या मुलीने तो बाण बघून विचारलं, "ताई, प्लेट उलटी ठेवण्याएवढं येडं कोण होतं इथे?"

"होती एक," मी म्हटलं. "सोडून गेली."