तीन कॉलेजं आणि आश्रुबा तात्यांची चौकशी

घाटनांदूर आणि आसपासच्या दहा-बारा गावांत मुलीचं लग्न ठरवायच्या आधी आश्रुबा तात्यांना पाठवतात. चाळीस वर्षं हेच चाललंय. तात्या शेळ्या राखतात, तीन एकर कोरडवाहू करतात आणि उरलेल्या वेळात लोकांच्या होणाऱ्या जावयांचं वाटोळं करतात. त्यांची पद्धत ठरलेली. मुलाच्या घरी पाऊल ठेवायचं नाही. त्याचे केस कापणारा, त्याचं दळण दळणारा आणि ज्याची भिंत त्याच्या भिंतीला लागून आहे तो, अशा तिघांना गाठायचं. चौकशी पुरी होईस्तोवर त्या गावचा चहा घ्यायचा नाही, कारण चहा पोटात गेला की माणसाच्या तोंडून वाईट निघत नाही. पाणीसुद्धा घरून नेतात. मी त्यांचा शेजारी, रामकिसन, जिल्हा परिषदेचा रिटायर मास्तर. मला हे सगळं रिकामटेकडेपण वाटत आलंय, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

एकदाच तात्यांनी चौकशी केली नाही, ती स्वतःच्या मुलीच्या, मोहिनीच्या वेळी. सख्ख्या बहिणीच्या घरात द्यायची, तिथं काय विचारायचं? मोहिनी अडीच वर्षांनी एक पिशवी घेऊन परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, पण तिच्या हातावरचे वळ बघून सगळ्यांना कळलं. तेव्हापासून तात्या बहिणीशी बोलत नाहीत.

मोहिनी पुढं शिकली आणि अंबाजोगाईला दूध संघाच्या शीतकरण केंद्रात लागली. आज ती बेचाळीस वर्षांची आहे. अठरा वर्षं नोकरी, त्यातली सात वर्षं केंद्रप्रमुख. वीज गेली, टँकर बंद पडला, दूध नासायला लागलं की सगळे तिलाच फोन लावतात. पण तिच्या वरच्या खुर्चीला व्यवस्थापनाच्या पदवीची अट आहे. मागच्या खेपेला त्या अटीपायी सव्वीस वर्षांचा एक मुलगा तिचा साहेब होऊन आला. दुधाची फॅट कशी काढतात हे त्याला तिनंच शिकवलं. आता तोही पुढच्या वर्षाअखेर सोडून जाणार, खुर्ची पुन्हा रिकामी होणार, आणि या वेळी मोहिनीनं एमबीए करायचं ठरवलं. अनुभवी माणसांसाठी वेगळे कोर्स असतात म्हणे. तिनं तीन निवडले. एक संभाजीनगरचा, घरबसल्या होणारा. एक पुण्याचा, फक्त शनिवार-रविवारचा. तिसरा हैदराबादचा, बिनपगारी रजा टाकून वर्षभर तिथंच राहायचं.

तिन्ही माहितीपुस्तकं बाजेवर मांडून ती बसली होती. तात्यांनी एकेक उचलून उजेडाला धरलं, त्यांना काचबिंदू आहे. मग म्हणाले, फोटोत सगळेच गोरे दिसतात, आपण जाऊन बघू. मोहिनीनं मान डोलावली. तात्यांची बायको रतनबाई वारल्यापासून घरात हे बापलेकच, दिवसातून दोनदा तात्यांच्या डोळ्यांत थेंब टाकणारी तीच. म्हातारा चार दिवस हिंडून येईल तर बरंच, असा तिनं विचार केला असावा. इंग्रजी वाचायला म्हणून मला सोबत घेतलं. मी नाही म्हणलो होतो. ते कुणी ऐकलं नाही.

संभाजीनगरला तात्या कॉलेजच्या आत गेलेच नाहीत. समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या बाकावर बसून त्याचं गाव, मामाचं गाव, सगळं काढलं. तासाभरानं तो माणूस आपण होऊन सांगायला लागला की इथले प्रकल्प अहवाल तोच छापतो, सगळ्यांना एकच, फक्त वरचं नाव बदलायचं. उन्हात उभं राहून मी कंटाळलो होतो. तात्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं आणि निकाल दिला, "पोरगं नुसतं कागदावर हाय. द्यायची न्हाई."

पुण्यात शिकवणारे चांगले निघाले. कँटीनवालीनं, वॉचमननं, दोघांनीही तेच सांगितलं. पण तिथं बाकावर मोहिनीच्याच वयाची एक बाई हातात चहाचा ग्लास धरून झोपली होती. तात्यांनी तिच्या हातातला ग्लास अलगद काढून खाली ठेवला. जागी झाल्यावर ती ओशाळली. करमाळ्याकडची होती. अकरा महिने झाले, दर शुक्रवारी यायचं, सोमवारी उतरल्या उतरल्या ड्युटीवर. सुरू केलंय तर निभवायचं, म्हणाली. आम्ही बाहेर पडलो. घर चांगलं, पण सासुरवास लई, एवढंच तात्या बोलले.

हैदराबादला आपल्या स्टेशनातूनच गाडी जाते. तिथं मात्र तात्यांची जीभ सुटली. शेळ्यांच्या बाजारात कमावलेली दखनी उर्दू त्यांनी अशी काही लावली की मला कुणी विचारीना. न्हावी म्हणाला, चांगलं आहे. मेसचा आचारी म्हणाला, चांगलं आहे. भिंतीपलीकडच्या घरातली म्हातारी म्हणाली, चाळिशीच्या बायाही येतात, पहिल्या महिन्यात रडतात, मग हसायला लागतात. तिघं झाले. मी म्हणलो, चला तात्या, चहा घेऊ. तात्या म्हणाले, थांबा, अजून एक.

अजून एक करत त्यांनी सहा माणसं केली. दोन दिवस आम्ही त्या कॉलेजाभोवती हिंडलो. माझे गुडघे गेले. चौथ्या माणसापाशी माझ्या ध्यानात आलं की हे कॉलेज चांगलं आहे का, हे तात्या विचारतच नव्हते. त्यांना काहीतरी वाईट ऐकायचं होतं. पोरगी वर्षभर जाणार ती इथंच, हे त्यांना कळत होतं.

सातवा भेटला इस्त्रीवाला. मधूनच कुणी सोडून जातं का, असं तात्यांनी विचारलं. तो म्हणाला, मागच्या साली एक बाई गेली. बाप आजारी पडला म्हणून गेली. बाप बरा झाला, पण बाईचं वर्ष गेलं ते गेलंच.  तात्यांनी समोरच्या टपरीवर जाऊन दोन चहा सांगितले आणि एकदाही माझ्याकडं न बघता आपला संपवला.

परतीच्या गाडीत म्हणाले, "गुरुजी, घरी गेल्यावर तुमी म्हणा, तिथलं जेवण लई वाईट हाय."

"माझ्या तोंडात का म्हणून घालता? तुमच्या तोंडाला काय झालंय?"

"माझ्यानं खोटं निघत न्हाई."

मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हातारा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाले, ती गेली की घरात मी आन् शेळ्या.  माझा मुलगा-सून लातूरला असतात, असं रिकामं घर मला माहीत आहे. उदगीर येईपर्यंत मी ठरवून टाकलं की जेवण वाईट आहे असं सांगायचं.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते, म्हणून मोहिनी रजा टाकून बसलेली. तात्यांनी पायही धुतले नाहीत. स्थळाचा निकाल सांगतात तसं एकेक सांगत गेले. पहिलं कागदी. दुसऱ्यात सासुरवास. मग थांबले. मी घसा साफ केला.

"तिसरं लई चांगलं हाय," तात्या म्हणाले. "सात जनांला इचारलं. खोट एकच निघाली. बाप आजारी पडला की पोरी अर्ध्यातून निघून येतात. ती खोट त्यांच्या घरची न्हाई, आपल्या घरची हाय. मला काईबी झालं तरी तू यायचं न्हाई. मग ठरलं, हैदराबाद." आणि शेळ्या सोडायला उठले.

"तात्या, बसा," मोहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीन गावं हिंडलात. इस्त्रीवाल्यालाबी इचारलंत. मला कुटं इचारलं?"

तात्या उभेच राहिले.

"तवाबी न्हाई इचारलं," ती म्हणाली.

वीस वर्षांत तिच्या तोंडून त्या लग्नाबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण दारात तात्या उभे होते. ते हळूहळू खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. या माणसानं चाळीस वर्षांत शेकडो मुलींसाठी चौकशी केली, न्हाव्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं. मुलीला विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मास्तर असून मलाही कधी सुचलं नव्हतं.

"चुकलं माझं," तात्या म्हणाले. मग अडखळत, "मोहिने, तुला पसंत हाय का?"

"हाय," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हमसून रडायला लागली. तात्यांचेही डोळे वाहत होते, आणि ते थेंबांचं पाणी नव्हतं.

शेळ्या दाव्याला ओढ देऊन ओरडत होत्या. दोघांपैकी कुणी उठण्यातलं दिसेना, तेव्हा मीच जाऊन त्या सोडल्या आणि ओढ्याकडं नेल्या.