झोपलेलं आलं

आज संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका येणार म्हणून सासूबाईंनी गॅलरी आवरली आणि माझी आल्याची कुंडी जिन्याखाली कचऱ्यापाशी नेऊन ठेवली.

"मेलं होतं गं ते. महिनाभर नुसतं पिवळं पडलेलं," त्या म्हणाल्या.

मेलं नव्हतं हो! दसऱ्यानंतर गॅलरीतलं ऊन लवकर निघून जायला लागलं, दिवस आखूड झाला, आणि ते त्या आल्याला बरोबर कळलं. नवी पानं काढायची थांबवून त्यानं सगळा जीव मातीखालच्या गड्ड्यात साठवला, आणि मग ते झोपलं. दिवस मोठा झाला की आपणहून उठलं असतं.

पण आमच्याकडे हिरवं दिसेल तेवढंच जिवंत. मी दुपारी जरा पाठ टेकली की लगेच विचारणार, "बरं नाही का गं?" बरी आहे म्हटलं, तर चहा टाकायला सांगणार. आजारी पडल्याशिवाय माणसानं आडवं व्हायचंच नाही?

तणतणत खाली गेले आणि कुंडी आणून पुन्हा गॅलरीत ठेवली, अगदी दारासमोर.

"अगं, बायका काय म्हणतील?"

"झोपलंय म्हणून सांगा," मी म्हणाले आणि भर दुपारी, धडधाकट असताना, आत जाऊन आडवी झाले.