भर दुपारी ओढलेले पडदे

आईनं सोनागिरीच्या घराला कुलूप लावलं तेव्हा सकाळच होती, पण कडी हाताला चटके देत होती. मे महिना होता. समोरच्या शर्मा भाभी फाटकाशी उभ्या होत्या, डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. "क्या किस्मत है भाभीजी, हम यहाँ भुनेंगे और आप सीधे ठंडक में!" आईनं बॅगेत काय भरलं होतं म्हणाल, तर दोन शाली, तीन स्वेटर, लोकरीचे मोजे आणि बाबांची माकडटोपी. सुती साड्या सगळ्या कपाटात राहिल्या. "तिकडे त्यांचं काय काम," असं म्हणून अंगावर होती तेवढी एकच सुती साडी नेसून ती विमानतळाकडे निघाली. टॅक्सी गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांवरून पुढे गेली तरी ती मागे वळून घराच्या दिशेनंच बघत होती.

मग ती निघालीच का, ते सांगते. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना तिला चक्कर आली आणि दूधवाला येईपर्यंत ती फरशीवर पडून होती. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला हे कळलं आठवड्यानंतर, तेही शर्मा भाभींच्या तोंडून निसटलं म्हणून. आईनं त्यांना शपथ घातली होती. मी फोनवर भांडले, रडले, पुन्हा भांडले. माझं म्हणणं एवढंच होतं की हिवाळा-पावसाळा खुशाल तिथं राहा, पण उन्हाळा दरवर्षी माझ्याकडे काढायचा. शेवटी तिनं अट घातली. एक उन्हाळा येऊन बघेन. मन रमलं तर मीच सांगेन, नाही रमलं तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, आपल्या टाऊनशिपमधल्या मैत्रिणींनो. तुमच्यातल्या काही अजून पिपलानी-सोनागिरीतच आहेत, बाकीच्या पुण्याला, बंगळूरला, आणखी कुठं कुठं. ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, "तुझ्या आईचं तिकडे जमलं का गं?" अंगठ्यानं टाइप करून सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सगळंच सांगायला बसले.

आपल्या क्वार्टरांतला उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की घराघरातून खिडक्या लावल्याचे आवाज यायचे, धाडधाड, एका ओळीत. मग पडदे, मग खिडकीला कूलर, त्याच्या खसचा, म्हणजे ओल्या वाळ्याचा, तो वास. आम्ही मुलं अंधारात पत्ते कुटायचो आणि कुणी खिडकीची फट उघडून गरम झळ आत आली की आई ओरडायची, "लू आत येतेय!" पुण्याहून सुट्टीला आलेली मावशी म्हणायची, अगं तुम्ही घरात राहता का तळघरात? बाबा कारखान्यातून जेवायला यायचे, डोक्यावर ओला रुमाल, आणि नेहमीचं वाक्य टाकायचे. "ऊन बाहेरच असतं गं. आपण बोलावतो म्हणून ते घरात येतं." संध्याकाळी अंगणात पाण्याचा छिडकाव, मग खाटा बाहेर. आपल्याला वाटायचं सगळं जग असंच जगतं.

मी राहते ती जागा लीड्सजवळची. इथं उन्हाळा म्हणजे कार्डिगन हाताशी असू द्यायचं. मेच्या अखेरीस आई आली तेव्हा पाऊस पडत होता आणि हीटिंग चालू होतं. तिनं माकडटोपी घातली ती आठवडाभर काढली नाही. जूनभर ती रेडिएटरला चिकटून बसलेली असायची. रेडिएटर बंद असला तरी तिथंच. मी आणि माझा नवरा प्रकाश कामाला जायचो, ती खिडकीतून रिकामी गल्ली बघत बसायची. "माणसं कुठायत गं इथली?" रोज एकच प्रश्न. घरात करायला तिला काही नव्हतं. फरशी पुसावी म्हटलं तर सगळीकडे गालिचे. त्या गालिच्यांवर तिचा फार राग. हळूहळू ती जेवताना सोनागिरीच्या गोष्टी बोलेनाशी झाली, आणि मला धसका बसला. आईनं एखादी गोष्ट, मग ते परत जाणं का असेना, मनात पक्की केली की ती त्याबद्दल बोलणं बंद करते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि मग जुलैत हीटवेव्ह आली.

रेडिओवर सकाळ-संध्याकाळ तेच. गाड्या हळू चालणार, शाळा लवकर सुटणार, गरज नसेल तर बाहेर पडू नका. दुकानांतले पंखे संपले. इथली घरं ऊब आत धरून ठेवायला बांधलेली, ती आता इमानेइतबारे तेच करत होती. आमचे शेजारीपाजारी सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून, चड्ड्यांवर, लालबुंद होऊन अंगणात पडलेले. आम्हीही खिडक्या उघडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं इथं राहून माझं डोकंही इथलंच झालंय.

आई सकाळी खाली आली, दारात उभी राहिली, हवा अंगावर घेतली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली लू." तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला हसू आलं. कुणी ओळखीचं बऱ्याच दिवसांनी भेटावं तसा चेहरा. मग तिनं पदर खोचला. प्रकाश ऑफिसला निघायच्या आत घरातल्या सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दक्षिणेच्या मोठ्या काचेवर आतून माझी पांढरी चादर. जिन्याच्या कठड्यावर ओले पंचे. घर पूर्ण काळोखात. प्रकाश ग्वाल्हेरचा, त्याला काही सांगावं लागलं नाही. जाता जाता म्हणाला, "आई, कूलर तेवढा राहिला." त्या दिवसांत मी घरूनच काम करत होते. दुपारी मीटिंगला बसले ती अंधाऱ्या खोलीत, आणि स्क्रीनपलीकडचे सगळे घामाघूम असताना मी अंगावर ओढणी घेऊन बसले होते. आई आपली ती एकुलती एक सुती साडी रोज धुवायची, ती बघता बघता वाळायची, आणि ती येऊन मला सांगायची, बघ, तिकडच्यासारखीच वाळते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मी वर मीटिंगमध्ये. खालून आईचा आवाज आला, खणखणीत. "अरे आइए ना, अंदर आइए! इत्ती धूप में कोई निकलता है क्या?"

इथं एक सांगायला हवं. आईची भाषेची वाटणी अगदी सोपी आहे. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. सारा संसार टाऊनशिपमध्ये झाला, शेजारी कुणी बिहारचे, कुणी केरळचे, कुणी बंगालचे, सगळ्यांशी हिंदी. त्यामुळे दारात आलेला माणूस मराठी नसेल तर तो हिंदीच, मग तो कुणीही असो. विमानातल्या गोऱ्या हवाईसुंदरीलाही तिनं "बेटा, थोड़ा गरम पानी" असंच सांगितलं होतं, आणि गंमत म्हणजे तिला ते मिळालं होतं.

मी धावत खाली आले. दारात आमच्या शेजारच्या जीनबाई. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. त्या रणरणत्या उन्हात बंद गळ्याचा काळा झगा घालून, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि झाकलेला केक घेऊन त्या आईकडे नुसत्या बघत होत्या. चेहरा लाल, आणि पाय जरा लटपटत होते. आईनं गुच्छ आपल्यासाठीच समजून घेतला, "थँक्यू जी" म्हटलं, आणि त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढलंच. सोफ्यावर बसवलं, ओला पंचा त्यांच्या डोक्यावर ठेवला, पाय वर घ्यायला लावले आणि पन्ह्याचा पेला हातात दिला.

पन्हं कशाचं, तेही सांगते. जीनबाईंचं सफरचंदाचं झाड आमच्या कुंपणावरून वाकलेलं आहे. शिजवायची, आंबट जातीची सफरचंदं. उन्हानं त्यातली कोवळी हिरवी फळं आमच्या अंगणात टपाटप पडली होती. आईनं एक उचलून दाताखाली धरलं, डोळा मिटला आणि म्हणाली, "कैरीच आहे की ही." उकडून, गूळ, वेलची, मीठ घालून पन्हं तयार. तर जीनबाईंना त्यांच्याच झाडाचं पन्हं मिळालं. दोन पेले प्यायल्या तेव्हा त्यांना बोलायला सुचलं.

त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुझी आई गेली."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणापासून इकडे एक रीत होती. घरात कुणी वारलं की भर दिवसा पुढचे पडदे ओढून घ्यायचे, म्हणजे गल्लीला कळतं. आमचे पडदे दिवसच्या दिवस बंद, आणि रोज खिडकीत दिसणाऱ्या म्हाताऱ्या बाई दिसेनाशा झाल्या. जीनबाईंनी दोन आणि दोन चार केले, गरम भट्टीसमोर उभं राहून केक भाजला आणि समाचाराला आल्या. दार उघडलं कुणी, तर ज्यांच्यासाठी फुलं आणली त्यांनीच, आणि वर आग्रहानं आत बोलावलं.

हे आईला मराठीत कसं सांगावं याचा मी विचार करत होते. म्हटलं, वाईट वाटेल, अपशकुन मानेल. पण जीनबाई तिच्याकडे इतक्या अपराधी चेहऱ्यानं बघत होत्या की मी सांगून टाकलं. आईनं गुच्छाकडे बघितलं, केककडे बघितलं. "नुसतीच फुलं? हार नाही आणला?" म्हणाली, आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तिचं बघून जीनबाईही सुटल्या. दोघींना थांबताच येईना. बाबा गेल्यापासून मी आईला असं हसताना बघितलं नव्हतं. मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले आणि मीटिंग विसरले.

मग तो केक आम्ही तिघींनी मिळून संपवला. आपल्याच बाराव्याचं जेवण आपणच जेवायला नशीब लागतं, असं आई म्हणत होती. मी ते भाषांतरित केलं नाही.

संध्याकाळी आई जीनबाईंच्या घरी गेली आणि तिथला सगळा कारभार हातात घेतला. सकाळी कधी लावायचं, ऊन कलल्यावर कधी उघडायचं, चादर कुठं टांगायची, सगळं हिंदीत आणि खुणांनी. जीनबाईंनी ते पुढे गल्लीत नेलं. आठवड्याच्या आत समोरच्यांनी पडदे ओढले, मग कोपऱ्यावरच्या तरुण जोडप्यानं, मग त्याच्या पुढच्यांनी. भर दुपारी अख्ख्या गल्लीला सुतक लागल्यासारखं दिसायचं. पोस्टमन बिचारा बावचळला. आणि ऊन उतरलं की सगळे पडदे उघडायचे, आई तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी फरसबंदीवर शिंपडायची आणि आमच्या अंगणात खुर्च्या पडायच्या. कुणी आपलं काही घेऊन यायचं, आई पन्हं द्यायची. "माणसं कुठायत गं इथली" हा प्रश्न तिनं विचारायचा सोडला, कारण माणसं आमच्याच अंगणात होती.

पुढे हवा बदलली. एके दिवशी पाऊस आला, रेडिओनं सुटकेचा निःश्वास टाकला, आई मात्र जरा नाराज दिसली. ऑगस्ट गेला. परतीचं तिकीट सप्टेंबरचं. अटीप्रमाणे मी विषय काढायचा नव्हता, आणि मी काढलाही नाही. पण रोज तिच्या तोंडाकडे बघायचे. ती बॅग भरत होती, मजेत होती, आणि मला त्या मजेची भीती वाटत होती. घरी जायला मिळतंय म्हणून खूश असेल तर? प्रकाश म्हणाला, विचारून टाक एकदाचं. मी म्हटलं, शब्द दिलाय.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात शर्मा भाभींशी फोनवर बोलत होती. फोन स्पीकरवर, कारण तिला कानाला धरलेला फोन पटत नाही. मी बाहेर कपडे घडी करत होते. पाण्याची टाकी, मोलकरीण, गणपतीची वर्गणी, सगळं झालं. मग भाभींनी विचारलं, पुढच्या उन्हाळ्याआधी कूलरची मोटर बदलून ठेवू का, मिस्त्री येणार आहे.

"नहीं नहीं, रहने दो," आई म्हणाली. "गर्मियों में तो मैं मायके जाऊँगी."

 आपल्याकडे मे महिन्यात सगळ्या बायका माहेरी जायच्या, आईही जायची, साताऱ्याला. पण ते माहेर मिटून किती वर्षं झाली, आजी-आजोबा नाहीत, मामाही नाही, हे शर्मा भाभींना चांगलं माहीत आहे. त्या जपून म्हणाल्या, "भाभीजी, मायके में अब कौन है आपका?"

"बेटी है ना," आई म्हणाली.