कोजागिरीला आकाशगंगा

लेकीला कॉलेजच्या अर्जासोबत दहा फोटो पाठवायचे होते. नऊ तयार होते. दहावा हवा होता आकाशगंगेचा, तोही आमच्यापासून तासाभरावर असलेल्या म्लेहाच्या वाळवंटातल्या हजारो वर्षं जुन्या दगडी थडग्यावरचा. कॉलेज कॅनडात, आमचं घर दुबईत, अल कुसैसला. तिनं इतक्या लांब जाऊ नये असं मला मनापासून वाटायचं. पण ते मी कुणाजवळ बोलले नव्हते.

तारीख तिच्या बाबांनी ठरवली. "आकाश बघायचं तर कोजागिरी! यल्ला, चला, फायनल," असं जाहीर करून हे मोकळे झाले. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळतात, ते आश्विनीचं ओवाळणंही तिथंच उरकेल म्हणून मी निरांजन, ताट आणि थर्मासभर मसाला दूध घेऊन गाडीत बसले. लेक बिचारी परीक्षेत बुडालेली. तिनं बाबांवर विश्वास टाकला होता.

थडग्यापाशी पोचलो आणि समोरून चंद्र वर आला. एवढा उजेड की सुईत दोरा ओवावा. तारे मोजून पाच-सहा.

"बाबा, इट्स अ फुल मून!"

"मग? कोजागिरीच आहे ना," हे अभिमानानं म्हणाले.

"फुल मूनला मिल्की वे दिसतच नाही! आणि उद्या डेडलाइन आहे!"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चंद्र मीच डब्यात भरून आणला होता. मग म्हणाले, "थोडा वेळ थांबू. खाली जाईल, इन्शाल्ला."

लेक रडकुंडीला आली. तिला शांत करावं म्हणून मी निरांजन लावून ओवाळलं. तिनं तोंड फुगवूनच कुंकू लावून घेतलं, आणि एकदम उठली.

"आई, ताट घेऊन तिथं थडग्याच्या भिंतीपाशी उभी राहा. दहावा फोटो हाच. ट्वेंटी सेकंद्स शटर ओपन राहील. डोन्ट मूव्ह."

पहिल्या वेळी वाऱ्यानं ज्योत विझली. दुसऱ्या वेळी हे दुधाचा पेला घेऊन कॅमेऱ्यासमोरून निघून गेले. निरांजनात तूप थेंबभर उरलं होतं.

"लास्ट चान्स, आई. प्लीज."

जरा हात हलला असता तर फोटो गेला असता, आणि लेक इथंच राहिली असती; त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं. कुणाला कळलंही नसतं, वाऱ्यावर ढकलता आलं असतं.

मी श्वास रोखून उभी राहिले.