बेळगावच्या विमानातली जागा

बंगळूरच्या जुन्या विमानतळावरून आता सगळ्यांना जाता येत नाही. नेहमीची विमानं शहराबाहेरच्या मोठ्या विमानतळावर गेली. इथं भर वस्तीत उरली ती कंपन्यांची छोटी विमानं. सकाळी हैदराबादला किंवा कोईमतूरला मीटिंगला जाऊन संध्याकाळी जेवायला घरी परतणारी माणसं त्यांतून जातात. त्यांच्या बसायच्या दालनात मी कामाला आहे. ओळखपत्रं बघायची, प्रवाशांची यादी सुरक्षेवाल्यांकडे पाठवायची, कॉफी द्यायची आणि गाडीतून विमानाच्या पायरीपर्यंत सोडून यायचं. पायरीच्या पुढं माझं काम नाही.

त्या दिवशी ऑगस्टातली भुरभुर चालू होती. साडेनऊला बेळगावहून दादाचा फोन आला. बाबांना सकाळी अंघोळीच्या वेळी झटका आला होता. डावी बाजू गेली होती, पण शुद्धीत होते, बोलत होते.

"तुझंच नाव काढाय लागलेत," दादा म्हणाला. "कशीबी ये."

बाबा बेळगावच्या वडगावात मागावर साड्या विणायचे. आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढलेले नव्हते. मी रजा मागायला आमच्या मॅडमकडे गेले. मोठ्या विमानतळावरून बेळगावला जाणारं विमान सकाळीच गेलेलं. अकराची बस मिळत होती, ती रात्री नऊपर्यंत पोचवणार. मी तिकीट काढणार तोच मॅडमनी हातातली यादी माझ्यापुढं धरली. अकराला आमच्याकडूनच एक विमान बेळगावला निघणार होतं. आठ जागा, प्रवासी तीन.

विचारायचं धाडस मला झालं नसतं. मॅडमच गेल्या. प्रवासी म्हणजे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे मालक, सोबत त्यांची दोन माणसं. तिकडच्या फाउंड्रीत दुपारी त्यांची बैठक होती. मॅडमचं ऐकून ते स्वतः उठून माझ्याजवळ आले.

"सरी, बन्नी, या आमच्याबरोबर," ते म्हणाले. "जागा रिकाम्याच जाणार आहेत. वडिलांना कळवा, दुपारच्या आत पोचताय."

माझं नाव यादीत चढलं. सुरक्षेकडून होकार आला. मी दादाला फोन केला, तर तो जवळजवळ ओरडलाच, "विमानानं? सांगतो बाबांना!" बसचा विचार मी सोडून दिला. ज्या दारातून रोज दुसऱ्यांना सोडायची, त्याच दारात हातात पर्स घेऊन उभी राहिले. अंगावर गणवेश तसाच होता.

पावणेअकराला वैमानिक आत आले. बेळगावला ढग फार खाली आले होते, धावपट्टी दिसत नव्हती.

"अर्धा तास बघू," ते म्हणाले.

अर्ध्या तासानं आणखी अर्धा तास. अकराची बस तेव्हा निघून गेली असणार. मी खुर्चीत बसू शकत नव्हते, म्हणून सगळ्यांना पुन्हा कॉफी दिली. मालक म्हणाले, "तुम्ही आज प्रवासी आहात, बसा." मी बसले आणि परत उठले. बाहेर विमान भिजत उभं होतं, दार उघडं, पायरी लावलेली.

सव्वाबाराला बेळगावचं आभाळ उघडलं. आम्ही गाडीत बसलोही. तेवढ्यात वैमानिकांच्या कानाला फोन लागला आणि त्यांनी हातानंच थांबायची खूण केली. रोज ठरलेल्या वेळी इथली धावपट्टी चाचणीच्या विमानांसाठी बंद होते, ती वेळ झाली होती. आता तीननंतर. हे वेळापत्रक माझ्या टेबलाच्या काचेखालीच होतं. ते मला पाठ होतं, पण त्या सकाळी ते मला एकदाही आठवलं नाही.

मालकांनी फाउंड्रीत फोन लावला. तीननंतर निघून काही उपयोग नव्हता, तिकडची माणसं थांबणार नव्हती. त्यांनी बैठक पुढच्या आठवड्यात ढकलली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आय ॲम सॉरी, अम्मा. खरंच सॉरी." त्यांचा चेहरा पडला होता. तीननंतर एकट्या मला सोडून या, असं ते वैमानिकांना म्हणाले असते, तर मी नको म्हटलं असतं का? माहीत नाही. ते म्हणाले नाहीत आणि मीही बोलले नाही. त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी दाराशी लावली, मी सवयीनं दार उघडून धरलं.

संध्याकाळच्या बसमध्ये जागा मिळाली. सकाळी सहाला मी बेळगावच्या दवाखान्यात पोचले. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि तोंडाला नळी. आदल्या रात्री दहाच्या सुमारास दुसरा झटका आला होता.

मी त्यांचा उजवा हात धरला. सुताची बारीक गाठ मारणारी ती बोटं थंड आणि जड होती. "बाबा, मी आलेय," असं चार-पाच वेळा म्हटलं. शेजारी सलाईन बदलणारी नर्स थबकली.

"विमानातून येणार होत्या त्या तुम्हीच काय?" तिनं विचारलं. "काल दिवसभर येईल त्याला सांगत होते. डॉक्टरांनाबी सांगितलं."

"हो, मीच," मी म्हणाले.

बाहेर बाकावर दादा बसला होता. त्यानं माझ्या गणवेशाकडं पाहिलं. "बसनंच निघाली असतीस तर..." एवढं बोलून तो उठला आणि माझ्यासाठी चहा आणायला गेला.

बाबा तिसऱ्या दिवशी गेले. डोळे त्यांनी उघडले नाहीत. पंधरा दिवसांनी मी कामावर परतले, तेव्हा ते मालक पुन्हा बेळगावला निघाले होते. त्यांनी वडिलांची चौकशी केली. मी सांगितलं. मग मी यादी पुढं केली आणि त्यांचं ओळखपत्र मागितलं.